राग न येणाऱ्या माणसाची परीक्षा

आधी कंपनीवाल्या दादांचं सांगतो, मग बाकीचं. मानसशास्त्राच्या कामातली माझी पहिली नोकरी लागली ती त्यांच्यामुळे. डॉक्टरांचे उपकार आहेत, बाईंचे आहेत, स्वयंपाकघरातल्या मावशींचे तर पानापानाला आहेत. पण शिकवलं ते दादांनी. ते तेव्हा मी जिथं लागलो त्याच मानसोपचार केंद्रात पेशंट होते. सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, रिकामा डबा हातात घेऊन फाटकापाशी कंपनीच्या बसची वाट बघायचे. त्या रस्त्यानं कुठल्याच कंपनीची बस जात नव्हती. अशा माणसाकडून मी चारचौघांसारखं कसं असावं ते शिकलो. कुणाला हसू येत असेल तर येऊ दे, मलाही येतं. पण शिकलो हे खरं.

ऐंशी साल उलटून काही वर्षं झाली होती. माझं गाव बीडकडचं. आठवी अर्ध्यात सोडली आणि बोअर मारायच्या गाडीवर लागलो. ती गाडी फिरत फिरत घाट उतरून रत्नागिरीला आली. शहराबाहेर, पालीकडे जाणाऱ्या रस्त्याला, उघड्या कातळावर एका ट्रस्टचं मानसोपचार केंद्र होतं. जांभ्या दगडाची बैठी इमारत, चारी बाजूंनी गवत, आणि पाण्याची बोंब. त्यांच्या आवारात आम्ही बोअर मारली. पाणी लागलं त्याच दिवशी माझे डोळे पिवळे झाले. कावीळ. गाडीला पुढच्या गावाला पोचायचं होतं. मालक म्हणाला, "तू हितंच पड. येताना तुला घेऊन जातो." डॉक्टरांनी मला आवारातच ठेवून घेतलं. गाडी त्या रस्त्यानं परत आली नाही.

बरा झालो तसा मी केंद्राचं पाणी भरायला लागलो. आम्हीच मारलेल्या बोअरवर हापसा बसवला होता. तो हापसायचा आणि बादल्या स्वयंपाकघरात, न्हाणीत, वॉर्डात पोचवायच्या. हापशामागच्या पत्र्याच्या खोलीत झोपायला जागा मिळाली, दोन वेळचं जेवण मिळालं, वर थोडे पैसे. परक्या मुलखात एवढं कोण कुणाला देतं? मी दिसेल त्याला हात जोडायचो. डॉक्टरांना जोडायचो, चौकीदाराला जोडायचो, एकदा तपासायला आलेल्या विजेच्या माणसालाही जोडले.

काळजी एकच होती. गावातून नळ येत होता. रस्त्याच्या कडेनं चर खणत खणत माणसं केंद्राकडे सरकत होती, आणि मागून पाइप येत होता. नळ आला की हापसा बंद, हापसा बंद की मी बंद. बाकी सगळे नळाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले. मावशी म्हणायच्या, "आला एकदाचा की मी चुलीवर नारळ फोडीन." मी म्हणायचो, "हो ना, लई बरं होईल." आणि संध्याकाळी रस्त्यानं चालत जाऊन चर कुठवर आला ते बघून यायचो. आंब्याच्या बागेपर्यंत आला, तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्याच सुमाराला केंद्रात नव्या बाई आल्या. मानसशास्त्र शिकलेल्या, नागपूरकडच्या, चष्म्याच्या, बोलायला सरळ. पेशंटांच्या चाचण्या घेणं हे त्यांचं काम. त्यांना मदतनीस हवा होता. पेशंटला खुर्चीवर बसवायचं, कागद-पेन्सिल द्यायची, ज्याला वाचता येत नाही त्याला वाक्यं वाचून दाखवायची, मधेच उठला तर परत आणायचं. शिक्षण सातवी पास. वाचन स्वच्छ. मी सातवी पास होतो आणि दुकानाच्या पाट्यासुद्धा मोठ्यानं वाचायची मला सवय होती. म्हणजे देवानं माझ्यासाठीच काढलेली जागा. पण बाईंनी एक अट घातली. पेशंटला जी चाचणी द्यायची ती आधी मदतनिसानं स्वतः द्यायची, आणि तीत तो ठीक निघाला पाहिजे.

डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. सांभाळणारा पेशंटपेक्षा थोडा तरी बरा असावा."

आम्ही सातजण आलो. सहा आसपासच्या गावांतले आणि सातवा मी. सहांपैकी पाच पोरसवदा, लग्नाचे. सहावा पालीच्या बाजारात वजनकाट्यावर बसणारा एक पोक्त गृहस्थ होता. त्याला काट्यावर बरं चाललेलं असताना ही नोकरी कशाला हवी होती, ते कुणाला कळेना. जेवणाच्या खोलीत आम्हाला बाकांवर बसवलं. कागद वाटले. शंभरावर वाक्यं होती आणि प्रत्येकापुढे तीन चौकोन: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. एका चौकोनात फुली मारायची.

थोड्या वेळानं पालीचे गृहस्थ उठून उभे राहिले. "बाई, हे सोळावं. 'एखादी अदृश्य शक्ती माझ्यावर लक्ष ठेवते.' हे राखणदाराबद्दल हाय ना?"

बाई म्हणाल्या, "मला समजावून सांगता येत नाही. नियम आहे. तुम्हाला वाटेल तसं घ्या."

"म्हणजे राखणदारच." ते बसले आणि बाजूच्याला म्हणाले, "लक्ष न ठेवून कसं चालेल? दरवर्षी कोंबडा देतो तो कशाला?"

बाजूच्यानं मान हलवली. त्याच्या बाजूच्यानंही हलवली. मी देशावरचा, मला राखणदार माहीत नव्हता. नंतर कळलं की इथं प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. तो रात्री हद्दीवरून फिरतो, त्याच्या काठीचे घुंगरू वाजतात, कुणाला हाकही मारतो, आणि ह्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. आपल्याकडे गावात कोतवाल असावा, तसं. पण बाईंच्या कागदात पुढे हेही होतं: 'आजूबाजूला कुणी नसताना मला हाक ऐकू येते.' आणि हेही: 'इतरांना ऐकू न येणारे आवाज मला येतात.' सगळ्यांनी प्रामाणिकपणे फुल्या मारल्या. एकानं तर 'नेहमी'च्या चौकोनाबाहेर 'अमावास्येला जास्त' असं लिहूनही दिलं.

माझी अडचण वेगळी होती. 'मला राग येतो.' मी कागदाकडे बघितलं. बाई समोर बसल्या होत्या. डॉक्टर दारात उभे. मावशी खिडकीतून डोकावत होत्या. ह्या सगळ्यांचं मीठ खाऊन राग येतो म्हणून लिहू? फुली मारली, कधीच नाही. 'मी खोटं बोलतो.' कधीच नाही. 'काम टाळावंसं वाटतं.' कधीच नाही. 'दुसऱ्याचं चांगलं झालेलं मला बघवत नाही.' हे वाचून मला चांगला घाम फुटला. कधीच नाही. 'काही माणसं मला आवडत नाहीत.' कधीच नाही, कधीच नाही. पेन्सिलीचं टोक मोडलं.

दुसऱ्या दिवशी बाई निकाल घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आम्ही सातजण पायरीवर बसलेलो. शेवटी डॉक्टर बाहेर आले. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता. हसू दाबणाऱ्या माणसाचा होता की घाबरलेल्याचा, सांगता येत नव्हतं.

"ह्या कागदांप्रमाणे," ते म्हणाले, "तुमच्यापैकी सहाजणांना आजच भरती करून घ्यायला हवं."

पालीच्या गृहस्थांनी विचारलं, "कामावर?"

"वॉर्डात."

पालीच्या गृहस्थांनी बाकीच्या पाचांकडे बघितलं. मग ते म्हणाले, "जेवणखाण धरून ना?"

सहा वेडे म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. उरलो मी. म्हणजे नोकरी माझी. तेवढ्यात बाईंनी मला आत बोलावलं आणि खुर्चीवर बसायला सांगितलं.

"तुमचा कागद सगळ्यात विचित्र आहे," त्या म्हणाल्या. "ह्यात काही वाक्यं माणूस खरं लिहितो की नाही हे बघायला घातलेली असतात. थोडंफार खोटं सगळेच बोलतात, थोडा राग सगळ्यांनाच येतो. तुमच्या कागदाप्रमाणे तुम्हाला कुणाचाच राग येत नाही, कुणी नावडत नाही, काम टाळावंसं वाटत नाही. असा माणूस नसतो."

"मी आहे की बाई."

"कधीच राग येत नाही?"

"कशाला येईल? सगळे लई चांगले आहेत."

"मग मी तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?"

मी हात जोडले. त्यांनी कपाळाला हात लावला.

सहाजणांचा उलगडा त्याच दुपारी स्वयंपाकघरात झाला. बाई जेवायला बसल्या होत्या. त्यांनी सहज मावशींना विचारलं, "मावशी, तुम्हाला कधी कुणी नसताना हाक ऐकू येते?"

"येते तर. तीनदा मारली तरच ओ द्यायची. एकदा-दोनदा मारली तर गप राहायचं." मावशींनी भात वाढला. "तुमच्या नागपुराला नाय मारत कुणी?"

बाई हातातला घास हातात ठेवून बसल्या. मग त्यांनी चौकीदाराला विचारलं, कंपाउंडरला विचारलं, शेवटी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर गुहागरकडचे. ते जरा खाकरले आणि म्हणाले, "मी विज्ञानाचा माणूस आहे. पण लहानपणी ऐकलेली आहे." बाईंनी त्याच रात्री कागदावरची ती वाक्यं काढून टाकली आणि गुण पुन्हा लावले. सहाच्या सहाजण एका रात्रीत बरे झाले. मी मात्र खोटारडा तो खोटारडाच राहिलो.

आठ दिवसांनी पुन्हा चाचणी, ह्या वेळी तोंडी, एकेकाची, असं ठरलं. चर आता वळणापर्यंत आला होता. मी हापशाशी बसून राहिलो. बादली भरून वाहत होती आणि माझं लक्ष नव्हतं.

तेव्हा कंपनीवाले दादा येऊन उभे राहिले. ते तिशीतले असतील. घर हेदवीच्या बाजूला, नोकरी लोट्याला एका केमिकलच्या कारखान्यात. पाळ्या बदलता बदलता त्यांच्या शरीराला कुठली पाळी चालू आहे ते कळेनासं झालं होतं. झोप गेली, आणि मग कुठल्याही वेळी कपडे करून ते बसची वाट बघायला लागले. घरात, देवळात, एकदा लग्नाच्या पंगतीत. भावानं केंद्रात आणून सोडलं. कामावर परत घ्यायला कारखान्याला डॉक्टरांचा दाखला हवा होता, आणि दाखल्यासाठी चाचणी. बाई आल्यापासून ती त्यांनी इतक्या वेळा दिली होती की सगळी वाक्यं क्रमानं पाठ होती.

"अडलास ना रागाच्या वाक्यावर?" त्यांनी विचारलं. "काय लिहिलंस?"

"कधीच नाही."

"खुळा काय रे तू? कधीकधी लिहायचं. नॉर्मल माणसाचं सगळं कधीकधी. डोकं दुखतं? कधीकधी. रडू येतं? कधीकधी. बायकोचा कंटाळा येतो? कधीकधी. पण सगळंच कधीकधी लिहिलंस तर बाईंना वाटतं पाठ करून आला. माझं तसंच झालं. माझा कागद शंभर टक्के नॉर्मल निघाला. बाई म्हणाल्या, एवढा नॉर्मल कुणी नसतो, तुमचा कागद धरता येत नाही."

"मग मी काय करू?"

"तुझी भानगड लिहिण्यात नाय. तुला खरंच येत नाय रागवायला. तोंडी विचारलं की तू परत हात जोडशील." त्यांनी माझे हात धरून खाली केले. "शिकावं लागेल. रोज एकाची तक्रार करायची. तोंडावर. माझ्यापासून सुरू कर."

मी घसा साफ केला. "दादा, तुम्ही लई चांगले आहात, पण..."

"पण?"

"पण... काही नाही."

"नापास," दादा म्हणाले आणि बसच्या वाटेला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मावशींकडे धाडलं. आता खरं सांगायचं तर जेवणाबद्दल माझ्या पोटात बरंच साचलं होतं. मी बाजरीच्या भाकरीवर वाढलेला. इथं सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात, आणि भातावर माशाचं कालवण. तो वास मला सोसायचा नाही. श्वास रोखून गिळायचो आणि वर म्हणायचो, मावशी, झकास. त्या आनंदानं आणखी एक तुकडी वाढायच्या. महिनोन्महिने असंच चाललं होतं. दादा स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहिले आणि मी आत गेलो.

"मावशी, कालवणाला वास येतो."

मावशींचा हात थांबला. "कसला?"

"माशांचा."

"मग काय मोगऱ्याचा येईल? बांगडा हाय तो." त्यांनी पळी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तुला मासा आवडत नाय?"

मी दाराकडे बघितलं. दादांनी मान हलवली.

"नाही आवडत," मी म्हणालो. "भातही नाही आवडत."

"मेल्या, आणि रोज दोनदा मागून घेतोस तो?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आता वाटलं ते." त्या पुन्हा ढवळायला लागल्या. "मला वाटायचं, घाटावरल्यांना जीभच नसते की काय. काय पण घाल, आपलं झकास." दुसऱ्या दिवशी माझ्या पानात तांदळाची भाकरी आणि लसणीची चटणी आली. दादांनी डोळ्यांनी खुणावलं. मी म्हणालो, "चटणी अळणी झालीय." मावशी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घ्या. तोंड उघडलं आणि आता मिटत नाय." पण त्या दिवसापासून त्या मला 'अहो पाणीवाले' म्हणायच्या थांबल्या आणि नुसतं 'मेल्या' म्हणायला लागल्या. मला फार बरं वाटायचं. त्याआधी मला तिथं कुणी शिवी दिली नव्हती.

चौकीदाराला मी सांगितलं की तुम्ही रात्री फार घोरता. त्यानं सांगितलं की तू झोपेत बडबडतोस, आणि तेही तुझ्या भाषेत, त्यामुळे काय बोलतोस ते कळत नाही आणि उत्सुकतेनं झोप लागत नाही. डॉक्टरांना सांगायचं धाडस मला झालं नाही. दादा म्हणाले, "सगळ्यांची करू नकोस. बाईंची पट्टी दोन्ही टोकांना मोजते. राग फार दिसला तर उलट्या बाजूनं नापास होशील."

चराच्या मुकादमाकडे मात्र मी कुणी न सांगता गेलो. चर तेव्हा आमच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर होता.

"माझी तक्रार आहे," मी म्हणालो. "तुम्ही फार भरभर खणता."

मुकादमानं कानावरची विडी काढली. "परत बोल."

"जरा हळू खणा. आठवडाभर तरी."

"इतकी वर्षं पाइप टाकतोय," तो म्हणाला, "जो येतो तो बोंबलतो की कधी होणार. हळू खणा म्हणणारा पहिला भेटलास. कुठून आलास? त्या केंद्रातून?"

"हो."

"तरीच." त्यानं मायेनं माझ्या खांद्यावर थोपटलं. "काळजी नको करू हां. हळू खणतो. जा, आत जा, जेव, गोळी घे." खरं म्हणजे पुढे कातळच इतका टणक लागला होता की त्यांची पहार उडत होती. पण मला त्यानं शब्द दिला आणि पाळला असं मी धरून चाललो, आणि जाता येता त्याला हात जोडत राहिलो. दादांनी बघितलं नाही हे नशीब.

दुसऱ्या चाचणीला आम्ही दोघंच उरलो. पाच पोरांना घरच्यांनी सोडलं नाही. पोरगं सरकारी कागदावर वेडं निघालं होतं अशी बातमी गावात पसरली होती. केंद्र सरकारी नव्हतं, पण बातमीला त्याचं काय. पोरांची लग्नं व्हायची होती. पालीचे गृहस्थ तेवढे आले, इस्त्रीचा सदरा घालून. आत गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले, हातात बाईंच्या सहीचा कागद.

"पास झालो," त्यांनी मला सांगितलं. "काही दोष नाही असं लिहून दिलंय."

मी म्हणालो, "मग नोकरी तुम्हालाच."

"नोकरी कुणाला हवीय? काट्यावर माझं बरं चाललंय. आमच्या घरात वीस वर्षं ऐकतोय, तुमच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे म्हणून. आता हा कागद चौकटीत घालून भिंतीवर लावतो." त्यांनी कागदाची काळजीपूर्वक घडी केली. मग विचार करून ती घडी मोडली आणि कागद तसाच हातात धरून निघाले.

मी आत गेलो. बाई वाक्यं वाचत होत्या, मी उत्तरं देत होतो. डोकं दुखतं? कधीकधी. झोप येते? बहुतेक वेळा, चौकीदार घोरला नाही तर. बाईंनी हे लिहून घेतलं नाही, पण त्यांचा चेहरा सैल झाला. मग ते आलं.

"मला राग येतो."

"कधीकधी," मी म्हणालो. आवाज बरा निघाला.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "कशाचा?"

हे कागदावर नव्हतं. दादांनी हे शिकवलं नव्हतं. मी मासा सांगितला. भात सांगितला. चौकीदार सांगितला. त्या ऐकत राहिल्या, काही बोलेनात. कुणी असं गप्प बसून ऐकायला लागलं की माणूस बोलत सुटतो, हे त्या कामातलं पहिलं तत्त्व मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "आणि बोअरच्या गाडीवाल्याचा येतो. येताना घेऊन जातो म्हणाला. मला तापात टाकून गेला. माझी वळकटीसुद्धा गाडीतच राहिली. हापशावर असताना रस्त्यावरून जड गाडीचा आवाज आला की अजून मान वर होते. मग मला त्याचा राग येतो, आणि मान वर केली म्हणून माझाही येतो."

हे मी कुणाला बोललो नव्हतो. असं काही माझ्या पोटात आहे हेही मला ठाऊक नव्हतं. हात आपोआप जोडायला वर आले ते मी मांडीखाली घातले.

बाई म्हणाल्या, "हे कधीकधी नाही हो. हे नेहमी आहे."

"मग नेहमी लिहा."

"नेहमी लिहिलं तर तुम्ही नापास व्हाल."

आम्ही दोघंही त्या चौकोनांकडे बघत बसलो. बाहेर पहारीचा आवाज येत होता.

"कधीकधीच लिहा," मी म्हणालो. "जड गाड्या इकडून कधीकधीच जातात."

बाईंनी फुली मारली. मग म्हणाल्या, "आणि ह्या चाचणीचा राग येतो?"

"हिचा नेहमी."

त्या हसल्या. ती फुली त्यांनी कुठल्या चौकोनात मारली ते मला दिसलं नाही. त्याच आठवड्यात नळ आला. मावशींनी चुलीवर नारळ फोडला, आणि मी मदतनीस म्हणून आत गेलो.

पहिल्याच दिवशी समोर दादा. मी वाक्य वाचायला तोंड उघडायच्या आत ते उत्तर द्यायचे. मी एक वाचायचो, ते पुढच्या तीन वाक्यांची उत्तरं देऊन मोकळे. बाई दुसऱ्या टेबलावर होत्या. मी कागद बाजूला ठेवला आणि रागाच्या वाक्यावर त्यांच्यासारखंच विचारलं, "कशाचा?"

दादांचं पाठांतर तिथं संपलं. मला तक्रार शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून मी एवढ्या दिवसांत एक तक्रार ऐकली नव्हती. ते उठून गेले. मी घाबरलो, पहिल्याच दिवशी पेशंट घालवला. पण दुसऱ्या सकाळी फाटकापाशी, डबा हातात असताना, ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "पहिल्या पाळीचा." आणि मग तिसऱ्या पाळीचा, मग दुसऱ्या पाळीचा, मग भावाचा, मग माझ्या वाचण्याचा. मी वाक्य वाचताना शेवटी आवाज चढवतो, तेलाची जाहिरात वाचल्यासारखा, हे त्यांनी मला सांगितलं. ते खरं होतं. अशी तक्रार ते रोज करत राहिले, मी ऐकत राहिलो, बाई लिहीत राहिल्या. हळूहळू रात्रीची झोप लागायला लागली. दाखला मिळाला तोवर लोट्याला परत जायचं नाही हे त्यांचं त्यांनी ठरवलं होतं.

आता ते हेदवीजवळ भावाच्या सुपारीच्या बागेत राहतात. थकलेत, पण तोंड चालू आहे. माकडांची तक्रार करतात, सुपारीच्या भावाची करतात, मी वर्षातून एकदाच येतो ह्याची करतात. मागच्या खेपेला म्हणाले, "तू माझ्या मुलखात येऊन इथल्या जेवणाला नावं ठेवलीस. मावशी बिचारी गेली, पण मी हाय. मला एकदा तुझ्या गावी ने. मला पण नावं ठेवायचीत."

नेणार आहे, दादा. अजून जमलं नाही, पण नेणार. चुलीवर बाजरीची भाकरी करायला सांगेन, तुम्हाला ती घशात अडकेल. समुद्र नाही, सावली नाही, मासा तर नाहीच, असं सगळं हिंडून दाखवेन, आणि संध्याकाळी ओट्यावर बसवून म्हणेन, आता बोला. तुम्ही दमेपर्यंत ऐकेन, आणि एकदाही हात जोडणार नाही.